खूण आत

मी एक जुनी पाचर आहे. लाकूड फोडायची नव्हे, डोंगरावरून सुटलेला बर्फ फोडायची. उंची दोन मजले, अंग सगळं दगडाचं, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. माझं टोक डोंगराकडे आहे आणि पाठ एका घराला टेकलेली आहे. लांबून पाहणाऱ्याला मी दगडांचा ढिगारा वाटते. वाटू दे. कुणाला दिसावं म्हणून मला बांधलेलंच नाही.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा गोड बोलतात. मला ते जमायचं नाही. ज्या गावाला मी तीनशे वर्षं पाठीशी घातलं, त्याच गावाने माझी डावी कूस कापून काढली. हात वर करून, बहुमताने. तेव्हा माझ्या बोलण्यात राग आला तर येऊ द्या.

आधी माझा जन्म सांगते.

फेब्रुवारीतली दुपार होती. चार दिवस बर्फ थांबला नव्हता. मग ती आली. आमच्या आल्मबोडन गावात कोसळत्या बर्फाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'ती' म्हणतात. आधी तिचा वारा येतो, मागून ती. त्या दुपारी पाच घरं गेली आणि अकरा माणसं. आमच्याकडे माणूस गेला की भिंतीतली छोटी झडप उघडतात, जीव बाहेर पडावा म्हणून. त्या दिवशी झडप उघडायला भिंतीच उरल्या नव्हत्या. लांब काठ्या बर्फात खुपसून लोक आपली माणसं शोधत होते.

आग्था नावाच्या बाईचा नवरा गेला आणि दोन मुली गेल्या, मुलगा तेवढा वाचला. बर्फ वितळल्यावर तिने जाहीर केलं की घर त्याच जागी उभं करणार.

"त्याच जागी? डोकं ठिकाणावर आहे ना?" शेजारी म्हणाला.

"दुसरी जागा आहे का तुझ्या खिशात? असेल तर काढ."

नव्हतीच. आमच्याकडे सपाट जमीन गवताला लागते. गवत नाही तर गाय नाही, गाय नाही तर हिवाळ्यात तोंडात घालायला काही नाही. माणसाने उरलेल्या तिरक्या जागी राहायचं, असा इथला शिरस्ता. तेव्हा घर तिथेच होणार होतं आणि घराच्या डोंगराकडच्या अंगाला मी होणार होते.

मला बांधायला सहा उन्हाळे लागले. गवताच्या रानातून वेचलेले दगड पाठीवरच्या पाट्यांतून आणले. गवंड्याने एकच गोष्ट बजावून सांगितली. पाचरीचा माथा घराच्या आढ्याला भिडला पाहिजे. वीतभर कमी पडला तर ती वरून येऊन छप्पर घेऊन जाईल.

प्रत्येक घराची एक खूण असते इथे. दोन काठ्या आणि एक आडवी रेघ, किंवा कोंबड्याचा पाय, किंवा शिडी. कुऱ्हाडीवर तीच, मेंढीच्या कानावर तीच, घराच्या तुळईवर तीच. माझ्यात बसणाऱ्या दगडावरही ज्याने त्याने आपल्या घराची खूण कोरली. पण बसवताना खूण आतल्या बाजूला. बाहेरून नुसता दगड.

"बाहेर का नको?" कुणीतरी विचारलं.

आग्था म्हणाली, "डोंगराला वाचता येत नाही. आणि माणसं वाचायला लागली की आपलाच दगड मोठा म्हणून भांडत बसतील. खूण आत."

तेव्हापासून रीत पडली. गुरं उन्हाळी कुरणावरून खाली उतरली की त्यानंतरच्या शनिवारी घरटी एक दगड माझ्यावर यायचा. हिवाळ्यात सुटलेला सांधा बुजवायचा, ढासळलेली कड उचलायची, दगड बसवायचा, खूण आत. मग आग्थाच्या ओट्यावर बार्लीचं सूप आणि राय धान्याची भाकरी. कुणी आभार मानायचं नाही. आपल्याच घरावर कौल घालून कुणी आभार मानतं का?

त्यानंतर ती चार वेळा आली. चारही वेळा माझ्या टोकावर आपटून दोन झाली. उजवा लोंढा घळीत गेला, डावा माझ्या डाव्या कुशीवरून वळून ओढ्यात पडला. माझ्या मागे मात्र एक शांत तिकोन राहायचा. घराचं दगडी स्वयंपाकघर त्या तिकोनात आहे. चौथ्या वेळी तिथे चुलीवर दूध होतं, त्याची साय हलली नाही. ही बढाई नाही. ज्या बाईने ते दूध उतरवलं तिने स्वतः सांगितलेलं आहे.

त्या घराच्या खालच्या अंगाला, डावीकडे, जमिनीचा एक तुकडा आहे. तोही माझ्याच सावलीत. ती आली तरी त्या तुकड्यावर चिमूटभर बर्फ पडायचा नाही. हा तुकडा लक्षात ठेवा.

मग मला विसरायचे दिवस आले. वर उतारावर लोखंडी कुंपणांच्या रांगा उभ्या राहिल्या, बर्फाला तिथल्या तिथे धरून ठेवायला. चांगली गोष्ट होती, मी नाव ठेवणार नाही. पण लोकांनी हिशोब असा केला की वर कुंपण आहे, म्हणजे खाली पाचर नको. शनिवारच्या दगडाला आधी दहा घरं आली, मग चार, मग एक. ते एक घर माझ्या पाठीचं. तिथे आग्थाच्या वंशातली मेंगा राहते. नवरा गेलेला, वय चौसष्ट, सात बकऱ्या, आणि जीभ अशी की पोस्टमन पत्र दाराखालून सरकवून पळतो.

त्याच काळात गावाला वारशाचा साक्षात्कार झाला. शहरातून समिती आली. उन्हाने काळी पडलेली लार्च झाडाच्या लाकडाची घरं त्यांनी पाहिली, शिळांची छपरं पाहिली, खांबांवरची कोठारं पाहिली. खांबावर गोल चपटी शिळा असते, म्हणजे उंदीर वर चढत नाही. त्या शिळेचे त्यांनी चाळीस फोटो काढले. खिडक्यांतल्या लाल फुलांचे तर विचारूच नका. माझ्यापाशी एक बाई आल्या, वहीत लिहिलं, 'मागील बाजूस दगडांचा ढीग', आणि गेल्या. कोठार उंदरापासून वाचवतं म्हणून वारसा. मी माणसं वाचवते, म्हणून ढीग. समितीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ही घरं तीनशे वर्षं उभी राहिली ती कुणाच्या जिवावर.

गावाच्या तोंडाशी पाटी लागली. पाटीमागून बसगाड्या आल्या. गाड्यांमधल्या लोकांना बसायला दालन हवं, म्हणून त्या तुकड्यावर दगडी दालन उभं राहिलं. इंजिनियरच्या नकाशावर सगळा उतार लाल होता आणि तेवढाच तुकडा पांढरा, म्हणजे निर्धोक. तो पांढरा का आहे हे नकाशात लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी दालनासमोर बस वळवायला जागा कमी पडू लागली. आणि जागा कुठे होती? माझ्या डाव्या कुशीखाली.

गावसभा शाळेत भरली. सरपंच यॉरी, मेंगाच्या भावाचा मुलगा. माणूस वाईट नाही. रस्ता बंद पडला तर पहाटे स्वतः फावडं घेऊन जाणारा. पण आपण गावाचं भलं करतोय अशी एकदा खात्री पटली की त्याचे कान बंद होतात.

"सगळी पाचर कुणी पाडत नाहीये," तो म्हणाला. "डावीकडचा तुकडा फक्त. टोक राहील, उजवी बाजू राहील. आत्याच्या घराला काही होणार नाही, मी लिहून देतो."

"माझ्या घराचं मी बघते," मेंगा म्हणाली. "तुझ्या दालनाचं काय ते सांग."

"दालन पांढऱ्या भागात आहे, आत्या."

"तो भाग पांढरा कुणी केला रे? तुझ्या रंगाच्या डबीने?"

लोक हसले. हसले आणि त्याच हसऱ्या तोंडाने त्यांनी हात वर केले. बाजूने सव्वीस, विरुद्ध नऊ. हे असं असतं मित्रांनो. जो बोलून जिंकतो, तो मोजणीत हरतो.

खोदयंत्राला नऊ दिवस लागले. काम लीनार्ट गवंड्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताला पहिली खूण लागली, मग दुसरी, मग ओळीने सगळ्या. तीनशे वर्षांच्या खुणा. तो हरखून गेला. त्याने ते दगड वेगळे काढले, धुतले, आणि दालनाच्या दर्शनी भिंतीत बसवले. खूण बाहेर. खाली चमकती पट्टी लावली: 'आमचा वारसा'.

मेंगा पाहायला आली. 

"छान दिसतंय ना?" लीनार्टने विचारलं.

"तुझ्या घराची खूण कुठली?"

"ही काय, शिडी."

"तुझ्या पणज्याने ती पाठीवरून वर नेली. तू गाडीतून खाली आणलीस. आता फोटो काढ तिच्याशेजारी."

 दुसऱ्या दिवशी काम करताना त्याचं लक्ष नव्हतं, एवढं मी पाहिलं.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीअखेर, बर्फ सुरू झाला. पहिल्या दिवशी कुणी दखल घेतली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बंद झाली. तिसऱ्या दिवशी खालचा रस्ता बंद झाला, आणि ढग इतके खाली आले की हेलिकॉप्टर यायचा प्रश्नच उरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मला वरची लोखंडी कुंपणं दिसेनाशी झाली. पडली नव्हती. भरली होती. कुंपण भरलं की त्याच्यावर पडणारा बर्फ धरायला कुणी नसतं. सगळा उतार गुळगुळीत झाला होता आणि वारा पलीकडचा बर्फ आणून त्याच्यावर रचत होता.

भोंगा वाजला. उताराखालच्या घरांनी बाहेर पडून दालनात जमायचं, असा यॉरीचा हुकूम निघाला. नकाशाप्रमाणे बरोबरच होतं. अडतीस माणसं दालनात आली. त्यात सात मुलं, एक बाळ आणि कंबरेने अधू झालेले म्हातारे योस. मेंगा तेवढी आली नाही. यॉरी तिला न्यायला आला.

"आत्या, चल. सगळे तिथे आहेत."

"म्हणूनच येत नाही."

"हट्ट कशाला करतेस? बकऱ्यांना चारा टाकलाय ना?"

"बकऱ्या माझ्यापेक्षा शहाण्या आहेत. सकाळपासून उजव्या भिंतीला चिकटून उभ्या आहेत. डावीकडे एक जात नाही."

"बकऱ्यांवरून मी गाव चालवू?"

"नकाशावरून चालवतोस त्यापेक्षा बरं."

यॉरी दार आपटून गेला. मी ऐकत होते आणि माझ्या अंगातला दगडन् दगड ताठ झाला होता. कारण मला माहीत होतं. उजवीकडून ती आली तर मी फोडीन. टोकावर आली तरी अर्धी फोडीन. डावीकडून आली तर मला हातच नाही. ओरडावंसं वाटत होतं. पाचरीला ओरडता येत नाही.

दुपारी एकच्या सुमारास एक छोटी आली. छोटी म्हणजे वरच्या कड्यावरून सुटलेला थोडासा बर्फ, चार गाड्या भरेल एवढा. पूर्वी असला बर्फ माझ्या कुशीवरून सहज ओढ्यात जायचा. आता तो कापलेल्या भिंतीजवळून सरळ खाली गेला, बस वळवायच्या जागेवर पसरला आणि दालनाच्या पायऱ्यांपासून वीस पावलांवर थांबला.

आवाज फारसा झाला नाही. दालनाच्या डोंगराकडच्या भिंतीला खिडकीच नाही, त्यामुळे आत कुणालाच कळलं नाही. मेंगाने मात्र स्वयंपाकघराच्या झरोक्यातून पाहिलं. तिने कात्रीने कापल्यासारखी ती पांढरी वाट पाहिली, वरपासून खालपर्यंत, थेट दालनाच्या दारावर रोखलेली. तिने अंगावर नवऱ्याचा कोट चढवला आणि काठी घेऊन निघाली. साठ पावलांचं अंतर. कंबरभर बर्फात तिला पंधरा मिनिटं लागली.

पुढचं मला लीनार्टच्या तोंडून कळलं. तो नंतर माझ्या सांध्यांत दगड बसवताना स्वतःशीच बोलायचा.

दालनात कॉफी चालली होती. मेंगा दारात उभी राहिली, श्वास पुरत नव्हता.

"सगळे माझ्या स्वयंपाकघरात चला. आत्ता."

"आत्या, बस जरा. कॉफी घे," यॉरी म्हणाला.

"बाहेर ये आणि बघ. मग मला बस म्हण."

यॉरी बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. पण त्याच्यापुढचा पेचही खरा होता. अडतीस माणसांना उघड्यावर काढायचं, बाळासकट, त्याच वाटेवरून. ते वाटेत असताना ती आली तर? आणि नाहीच आली तर? सरपंचाने उगाच गाव उघड्यावर काढलं म्हणून उद्या हसं होणार.

"थांबू या," तो म्हणाला. "इथे निदान भिंत आहे."

"कसली भिंत?" मेंगा म्हणाली. "यॉरी, त्या भिंतीत माझ्या आजीचा दगड आहे. योसकाकांच्या आजोबांचा आहे. तुमच्या सगळ्यांचा एकेक आहे. तो वर होता तोवर तुम्ही खाली सुखाने झोपलात. आता तो इथे दाराशी पट्टीवर बसलाय, आणि वर कोण आहे? कुणी आहे का वर?"

 बाळ रडत होतं.

मग लीनार्ट उठला. टोपी घातली.

"ती कूस मी कापली," तो म्हणाला. "या हाताने. आत भरीव किती होती ते मी पाहिलंय. हे दालन तिच्या चौथ्या हिश्श्याचंही नाही. मी चाललो. योसकाका, माझ्या पाठीवर या."

"तुझी पाठ धड आहे का? मागच्या वर्षी धरली होती," म्हातारे योस म्हणाले.

"वाटेत धरली तर तुम्ही मला उचला."

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने लोक हलले. एकामागे एक, दोघांत दहा पावलं अंतर ठेवून, म्हणजे गेले तर सगळे एकदम जाऊ नयेत. ही शिस्त इथल्या पोरांनाही शिकवावी लागत नाही. मी त्यांना येताना पाहत होते. एक डोकं, मग रिकामी जागा, मग दुसरं डोकं. तीनशे वर्षांत मी एवढी घाबरले नव्हते. वर कड्यावर बर्फात एक बारीक रेघ उमटली होती. ती मला दिसत होती, त्यांना नाही. पंचवीस आत गेले. तीस. बाळ आत गेलं. सदतीस. मग मेंगा. सर्वात शेवटी यॉरी, आणि तो दारात येऊन मागे वळला. दालनातली शेगडी चालू राहिली होती. त्याने पाऊल उचललं.

मेंगाने त्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं. "शेगडी जळू दे, गाढवा."

आधी वारा आला.

मग ती. माझ्या टोकाने तिला फोडलं, पण टोकाला डावा आधारच नव्हता, त्यामुळे माझा माथा तिच्याबरोबर गेला. उजवा लोंढा घळीत गेला, नेहमीसारखा. डावा सरळ गेला. जाताना मेंगाच्या बैठकीच्या खोलीचा लाकडी कोपरा घेऊन गेला, घड्याळ आणि लग्नाच्या फोटोसकट. स्वयंपाकघरात एकोणचाळीस माणसं एकमेकांना धरून अंधारात उभी होती. बर्फाच्या धुळीने झरोका बुजला होता.

बराच वेळ गेल्यावर मेंगाचा आवाज आला. "मोजा."

मोजली. एकोणचाळीस भरली. योसकाका दोनदा मोजले गेले म्हणून पुन्हा मोजली. पुन्हाही एकोणचाळीसच.

दालन सकाळी सापडलं. म्हणजे छप्पर ओढ्यात सापडलं. भिंत सापडलीच नाही. ती वसंतात सापडली, रानभर विखुरलेली, गवताच्या कोंबांत एकेक दगड. कोंबड्याचा पाय. शिडी. दोन काठ्या आणि एक रेघ.

आता तुम्हाला वाटेल की गाव शहाणं झालं, माझी पूजा झाली, गोष्ट संपली. ऐका. मे महिन्यात पुन्हा सभा भरली. विषय एकच, पाचर पुन्हा बांधायची की नाही. बाजूने एकोणीस, विरुद्ध सोळा. सोळा. त्यांतले काही जण त्या स्वयंपाकघरात उभे होते, मेंगाच्या भांड्यातून दूध प्याले होते. त्यांचं म्हणणं, असं तीनशे वर्षांत एकदा होतं, आणि बस कुठे वळवायची? यॉरीने कोणत्याच बाजूला हात वर केला नाही. मान खाली घालून बसून राहिला. मला त्याचा राग आला, आणि थोडी कीवही आली.

मित्रांनो, मला फुलांचा हार नको. पाटी तर मुळीच नको. तुमच्याही गावात माझ्यासारखं काहीतरी असेल. कुरूप, आडबाजूला, कुणाच्या सातबाऱ्यावर नसलेलं. बांध असेल, चर असेल, जुनी भिंत असेल. ते पाडायला निघालात तर आधी एवढंच विचारा की हे इथे कुणी आणि कशाला रचलं. उत्तर मिळेपर्यंत हात खिशात ठेवा. आणि वर्षातून एक दगड न्या. जड पडत नाही.

गुरं खाली उतरली. त्यानंतरच्या शनिवारी एकोणीस घरं दगड घेऊन आली. लीनार्ट माझ्या डाव्या कुशीवर ओणवा होऊन एकेक बसवत होता. सगळे सूप प्यायला ओट्यावर गेल्यावर यॉरी आला, एकटाच. पाठीवर पाटी, पाटीत रानात सापडलेला दगड, त्याच्यावर दोन काठ्या आणि एक रेघ. आग्थाच्या घराची खूण, म्हणजे त्याच्याही. त्याने तो बसवला, अंगठ्याने खुणेवरची माती पुसली आणि मागे सरकून पाहू लागला.

झरोक्यातून मेंगाचा आवाज आला.

"आत, यॉरी."

 त्याने दगड उपसला, फिरवला आणि पुन्हा बसवला. बाहेरून आता नुसता दगड दिसतो.

"सूप निवतंय," ती म्हणाली.